मुठीतला दाणा
(योहान १२:२४)

गॉर्डन हॉलसाहेब १८१३ साली अमेरिकेहून मुंबईस आले, तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. मराठी शिकावी, रस्त्यांत व देवळांपाशी लोकांशी बोलावे, पुस्तके वाटावी, हाच त्यांचा नित्यक्रम. तेरा वर्षे पेरणी केली. कापणी फारशी दृष्टीस पडली नाही. मार्च १८२६ मध्ये नाशिककडील फेरीत जवळचे औषध पटकीच्या रोग्यांस देऊन टाकिले, आणि त्याच रोगाने वाटेवर त्यांचा अंत झाला.

कळंबच्या शेतकऱ्यास हे नवे नाही. जोंधळा पेरिल्यावर तो रोज ढेकूळ उकरून पाहत नाही. मग एक वर्ष कोणी ऐकिले नाही म्हणून आम्ही उपदेशक का खचतो? मुठीत राखिलेल्या दाण्यास कणीस येत नाही. प्रभु आम्हांस मूठ उघडावयास शिकवो. आमेन.