राजपुत्राचा तास

१९८९चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आज पुन्हा खेळायला घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते त्या राजपुत्राचं वजन. पळताना कळ सोडली तरी तो जागच्या जागी थांबत नाही. थोडा घसरतो, मग सावरतो. उडी मारण्याआधी अंग आवरून घेतो. कठड्याला बोटांनी लोंबकळतो आणि स्वतःला वर ओढताना त्याला कष्ट पडतात, हे दिसतं. मारिओला हवेतल्या हवेत दिशा बदलता यायची. याला ती मुभा नाही. झेप घेतली की घेतली.

हे वजन खऱ्या माणसाचं आहे. खेळाचा निर्माता जॉर्डन मेकनर याने आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून ॲपल टू संगणकात उतरवली. तलवारबाजीसाठी १९३८च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातलं एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन यांचं द्वंद्व कामी आलं. संगीत मेकनरच्या वडिलांचं. म्हणजे ज्या खेळाला आपण यंत्राची करामत समजत होतो, ते जवळजवळ घरचं कार्य होतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो डॉसच्या फ्लॉपीवरून आला. घरी संगणक फार थोड्यांच्या. बाकीच्यांना तो कॉम्प्युटर क्लासमध्ये किंवा कुणाच्या वडिलांच्या ऑफिसात, सुट्टीच्या दिवशी भेटला. सगळे त्याला नुसतं ‘प्रिन्स’ म्हणत. जमिनीतून वर येणाऱ्या सुळ्यांमधून जाताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे तो एकेक पाऊल जपून टाकतो, हे ज्ञान एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडोतोंडी जायचं.

आणि वेळ. सगळ्या खेळाला मिळून साठ मिनिटं. मेलात तर ती पातळी पहिल्यापासून सुरू व्हायची, पण घड्याळ मागे यायचं नाही. चूक सुधारता यायची, चुकीत गेलेला वेळ मात्र गेला. लहानपणी याचा राग यायचा. आता वाटतं, या मालिकेतल्या पुढच्या चांगल्या खेळांनी जी जी उत्तरं दिली ती याच एका प्रश्नाला: माणसाच्या हातून चूक झाली, तर काळाने त्याच्याशी कसं वागावं?

मूळ खेळाचं स्वतःचं उत्तर चौथ्या पातळीवरच्या आरशात सुरू होतं. वाट अडवणाऱ्या त्या आरशातून राजपुत्राला झेप घ्यावी लागते, आणि दुसऱ्या बाजूने त्याचीच सावली बाहेर पडून पळते. पुढे ती त्याच्या वाटचं औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार पाडून त्याला खाली लोटते. बाराव्या पातळीवर दोघं समोरासमोर येतात. प्रत्येक मुलगा तिथे आधी तलवारच काढायचा. पण सावलीवर केलेला प्रत्येक वार आपलंही आयुष्य कमी करतो. तिला मारलं की आपणही मेलो. उपाय एकच: तलवार म्यान करायची. मग तीही म्यान करते, दोघं एकमेकांत शिरतात, आणि पुढे जिथे नुसती पोकळी होती तिथे पावलांखाली फरश्या उमटत जातात.

ही सावली मुळात तुटवड्यातून जन्मली. संगणकाच्या स्मृतीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. म्हणून राजपुत्राचीच चित्रं बिट सरकवून, स्वतःशीच ताडून वापरली आणि एक झिरझिरीत आकृती तयार झाली. आपला वैरी आपल्याच देहातून घडवावा लागला, आणि कथेने ते मनापासून स्वीकारलं. अडचणीतून इतका खोल अर्थ निघालेला मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

२००३मध्ये युबिसॉफ्टचा ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. त्याची कथा पुन्हा मेकनरचीच. आता राजपुत्राच्या हातात काळ उलटा फिरवणारा खंजीर. चुकीची उडी मारली तरी तेवढे क्षण मागे घेता येतात. वरवर पाहता ही मूळ खेळाशी गद्दारी. मला तो खरा वारस वाटतो, कारण प्रश्न तोच आहे. एका महाराजाच्या हिंदुस्थानातल्या महालावरच्या चढाईने कथा सुरू होते. त्या महाराजाची मुलगी फराह. दोघांचा सगळा प्रवास शेवटी राजपुत्र काळासकट पुसून टाकतो. संहार टळतो, पण फराह आता त्याला ओळखतही नाही. मागे फिरवलेल्या काळाची किंमत इथेही द्यावीच लागते.

पुढच्याच वर्षीच्या ‘वॉरियर विदिन’ने मात्र रक्त आणि त्रागा यांनाच प्रौढपण समजलं, तो मला कधीच आपला वाटला नाही. २००८च्या खेळात सोबतीण एलिका दर वेळी हात देऊन वाचवते, मरण जवळपास नाहीच. त्या कोमलपणावर पुष्कळांनी टीका केली; मला तो आवडतो. दरम्यान, याच मालिकेचा भाग म्हणून सुरू झालेलं काम वेगळं वळण घेऊन २००७मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ झालं आणि मूळ घराण्यापेक्षा मोठं झालं.

२०२४चा ‘द लॉस्ट क्राउन’ पुन्हा बाजूने दिसणाऱ्या सपाट जगात परतला. नायक सारगॉन राजपुत्र नाही. राजपुत्राच्या शोधात निघालेला योद्धा आहे. पात्रांचे संवाद फारसीतही ऐकता येतात, हे मला विशेष मोलाचं वाटतं. पर्शिया इतकी वर्षं या मालिकेत बरीचशी नेपथ्य म्हणूनच होती. आणि एक साधी सोय: न उघडणाऱ्या दाराचं चित्र टिपून नकाशावर लावून ठेवायचं, ताकद आली की परत यायचं.

पुस्तक पुन्हा उघडलं की मजकूर तयार असतो. खेळ बोटांनी पुन्हा घडवावा लागतो, आणि माझी बोटं आता मंद झाली आहेत. सांगाडा कुठे उठून उभा राहतो, कुठली फरशी निखळते, हे पाठ आहे. तरीही पात्याचा जबडा मिटण्याआधी मी पलीकडे पोचेनच असं नाही. लहानपणी मी हरायचो तो वाट माहीत नसल्यामुळे. आता वाट सगळी माहीत असते आणि वेळ कमी पडतो. तरी ‘लॉस्ट क्राउन’ संपवल्यावर पुन्हा पहिलाच ‘प्रिन्स’ लावला. मला ते मागे न फिरणारं घड्याळच हवं होतं.