निरंक

पावसाने ताण दिला की यवतमाळकडची पऱ्हाटी माना टाकते. पर्जन्यमापकाची रोजची नोंद मात्र व्हावीच लागते. पाऊस नसला तर 'निरंक'! किती कोरडा शब्द! परंतु दुष्काळ ठरवायची वेळ आली म्हणजे पावसाचा खंड किती दिवसांचा, हे या निरंकांवरूनच मोजावे लागते. ज्या दिवशी काही घडले नाही, त्या दिवसालाही साक्षीदार लागतो.

आकाशालाही हाच न्याय आहे. उत्तर मुकुट या तारकासमूहात एक जोडतारा आहे. त्यांतला लहानगा, पण अतिशय घन असा श्वेत बटू शेजारच्या तांबड्या महाकाय ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो साठतो, तापतो आणि सुमारे ८० वर्षांनी भडकतो. एरवी दुर्बिणीवाचून न दिसणारा हा तारा १८६६ च्या मे महिन्यात आणि १९४६ च्या फेब्रुवारीत अकस्मात् नुसत्या डोळ्यांना दिसला.

अमेरिकेतील ओहायो राज्यातला लेस्ली पेल्टिअर हा शेतकऱ्याचा मुलगा. १९२० पासून त्याने या ताऱ्यावर पाळत ठेवली होती. पंचवीस वर्षे उत्तर एकच: बदल नाही. १९४६ च्या त्या रात्री गजर वाजला, तो उठलाही. पण पडशाने बेजार होऊन पुन्हा अंथरुणात शिरला. नेमका त्याच रात्री तारा भडकला!

मग ती पंचवीस वर्षे वाया गेली काय? फळावरून कष्टांची किंमत करणारा 'होय' म्हणेल. पण स्फोटाआधी सुमारे वर्षभर तारा मंदावला होता, हे आज ठाऊक आहे ते असल्याच नीरस रात्रींच्या नोंदींमुळे. २०२३ मध्ये तो तसाच मंदावला, तेव्हा जगभरचे निरीक्षक सावध झाले. २०२४ साल मात्र स्फोटावाचून सरले. खूण कळली, मुहूर्त कळला नाही. वह्यांत पुन्हा निरंकच!

इथेच माणसाची खरी कसोटी आहे. पाहून लिहिलेला निरंक आणि न पाहता लिहिलेला निरंक कागदावर अगदी सारखे दिसतात. भेद ठाऊक असतो तो केवळ लिहिणाऱ्याला. पेल्टिअरची ती झोप कुणाला कळणार होती? पण १९६५ च्या आत्मचरित्रात त्याने ती आपणहून सांगितली. त्याच्या बाकीच्या रात्रींवर आपण विश्वास ठेवतो, तो यामुळेच.

तारा केव्हा भडकावा, पाऊस केव्हा पडावा, हे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते डोळे उघडे ठेवणे, आणि जे दिसले तेवढेच लिहिणे.