खुडूक कोंबडी आणि अल्पद्रोहाचा धर्म

आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्याच्या रक्षणासाठी दुसऱ्या जिवांना मारावे लागते, तेव्हा त्या हत्येचे दायित्व कोणाकडे जाते, हा अहिंसाविचारातील जुना प्रश्न आहे. यज्ञ, शिकार आणि युद्ध यांच्या संदर्भात त्याची विपुल चर्चा झाली असली, तरी खुराड्यातील साध्या व्यवहारातही तो तितकाच तीव्रतेने उभा राहतो. खुडूक कोंबडीच्या, म्हणजे अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी ठाण मांडून बसलेल्या कोंबडीच्या, अंगावरील माइटचा नायनाट करून मग तिच्या पंखांखाली परकी पिल्ले सोडणे, ही कृती या दृष्टीने बारकाईने तपासण्याजोगी आहे.

माइट हा कोळ्याच्या वर्गातील, आठ पायांचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा रक्तशोषक जीव होय. त्याच्या काही जाती पक्ष्याच्या अंगावरच राहतात, तर तांबडा माइट दिवसा खुराड्याच्या फटींत दडून रात्री रक्त पिण्यास बाहेर पडतो. एरवी कोंबडी धुळीत लोळून अंगावरील कीड बऱ्याच अंशी झाडून टाकते. परंतु सुमारे 21 दिवस चालणाऱ्या उबवणीच्या काळात ती दिवसातून थोडाच वेळ घरट्याबाहेर येते, तिच्या पोटाखालची पिसे गळून उघडी पडलेली त्वचा अंड्यांना थेट ऊब देते, आणि ही अंधारी, उबदार, निश्चल जागा माइटलाही तेवढीच मानवते. ज्या स्थैर्यामुळे अंड्यातील गर्भ वाढतो त्याच स्थैर्यावर परोपजीवीही पोसला जातो, आणि या दोहोंत निवड करण्याचे साधन कोंबडीपाशी नाही.

महाभारताच्या शांतिपर्वातील जाजलीची कथा येथे विशेष उपयोगी पडते. हा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांच्या जोडप्याने घरटे केले, अंडी घातली, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत त्याने हालचाल केली नाही. त्यातून त्याला आपण धर्म साधल्याचा अभिमान वाटू लागला, तेव्हा वाराणसीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जाण्याची वेळ त्याच्यावर आली. तुलाधाराने सांगितलेला धर्म म्हणजे प्राण्यांचा अद्रोह, आणि तो शक्य नसेल तेथे अल्पद्रोह, म्हणजे कमीत कमी पीडा देऊन चालवलेली उपजीविका. जाजलीची अहिंसा न हलण्यात सामावलेली होती; कोंबडी पाळणाऱ्याला मात्र ती वाट मोकळी नाही, कारण तो स्वस्थ बसला तर रक्त कमी पडून कोवळी पिल्ले मरतील, आणि ज्याने ती पिल्ले तेथे आणली त्याला त्या मृत्यूपासून हात झटकता येणार नाहीत.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे प्रकार मानले आहेत. म्हणजे मुद्दाम केलेली, घरकामात घडणारी, व्यवसायात घडणारी आणि आक्रमणाचा प्रतिकार करताना घडणारी हिंसा. माइटवरील उपचार विरोधी हिंसेत घालण्याचा मोह होतो, परंतु माइटच्या ठिकाणी वैरभाव कल्पिणे कठीण आहे. तो आपल्या देहधर्माप्रमाणे जगतो. पक्षी पंचेंद्रिय आणि हा क्षुद्र जीव त्याहून कमी इंद्रियांचा, अशी श्रेणी लावूनही हत्या निर्दोष ठरत नाही, फार तर तिचे तारतम्य कळते. शिवाय कुक्कुटपालनाच्या मुळाशीच या परंपरेचा आक्षेप आहे, हेही मान्य केले पाहिजे. म्हणून उपचाराचे समर्थन माइटच्या क्षुद्रतेवर उभारणे योग्य नव्हे. ते पाळणाऱ्याने पत्करलेल्या संबंधावर उभे आहे, आणि त्या संबंधानेच मारण्याची मर्यादाही ठरते.

ही मर्यादा प्रत्यक्षात कृतींच्या क्रमातून प्रकट होते. प्रौढ कोंबडीला सोसवणारे कीटकनाशक नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला घातक ठरू शकते. म्हणून औषध पिल्ले येण्यापूर्वी द्यावे लागते, आणि त्याचा अंश पिसांवर उरला आहे तोवर थांबावे लागते. दुसरीकडे फार थांबले तर कोंबडीचा खुडूकपणा मोडतो. तो मुद्दाम मोडण्यासाठी तिला गार पाण्यात बुडवण्याची रीत प्रचारात आहेच, त्यामुळे औषधी पाण्याने न्हाऊ घालण्याऐवजी भुकटी निवडण्यालाही अर्थ प्राप्त होतो. भुकटीने माइटची अंडी सहसा मरत नाहीत, म्हणून साधारण आठवड्याने दुसरी मात्रा लागते. ती द्यावयाची वेळ आणि पिल्ले सोडावयाची वेळ एकमेकींवर येऊ नयेत, एवढी दूरदृष्टी येथे धर्माचाच भाग आहे. जो घाईने एकदाच भरपूर विष टाकतो तो माइटशी, कोंबडीशी आणि पिल्लांशी एकाच वेळी द्रोह करतो.

पिल्ले रात्रीच्या अंधारात, एकदोन दिवसांची असतानाच, हलक्या हाताने तिच्याखाली सरकवली जातात, आणि पहाटे ती त्यांना टोचत तर नाही ना हे पाहावे लागते. यात फसवणूक आहे असा आक्षेप घेता येतो. पण तिने एकदा पिल्लांना हाक घातली आणि ती तिच्या पोटाशी शिरली, की ते मातृत्व कोणत्याही अर्थाने लटके राहत नाही, आणि आक्षेपाचा रोख तिच्याकडून वळून रात्रीचा आडोसा घेणाऱ्या माणसाकडे येतो. त्यानंतर माइट पुन्हा आढळले, तर पिल्लांच्या अंगावर भुकटी न टाकता गवताचे अंथरूण बदलणे, जुने जाळणे, खुराड्याच्या फटी खरवडून त्यांत उकळते पाणी ओतणे आणि कोंबडीला कोरड्या मातीत लोळायला रोज अवसर देणे, हे कष्टाचे मार्ग उरतात. जाळलेल्या अंथरुणातही असंख्य जीव मरतात, आणि अल्पद्रोहाच्या विचाराने ते मृत्यू हिशेबातून वगळलेले नाहीत.