फळाचा धनी

मनुष्याचा अधिकार कर्मापुरता, फळावर नाही, हे गीतेचे सांगणे आपल्याकडे बहुधा त्यागाची आज्ञा म्हणून वाचले जाते. जणू फळ मुळात आपल्याच मालकीचे होते आणि भगवंतांनी ते सोडून देण्याचे कठीण व्रत आपल्या गळ्यात घातले. मला मात्र दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे की, हे वचन आज्ञा होण्यापूर्वी वस्तुस्थितीचे निवेदन आहे: फळ कर्त्याच्या हाती त्याने मागितलेल्या वेळी क्वचितच येते, आणि आले तरी त्यात इतक्यांचा वाटा असतो की ते एकट्याच्या नावावर रुजू करून घेणारे दप्तर कुठेच सापडत नाही.

वासिली लिओन्तिएफ या अर्थशास्त्रज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात अमेरिकेच्या साऱ्या उद्योगांचे जे आदान-प्रदान कोष्टक मांडून 1936 पासून प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक उद्योगाला एक रांग आणि एक स्तंभ आहे. रांगेत त्याने कोणाला किती दिले, स्तंभात कोणाकडून किती घेतले. पोलादाची मागणी वाढली की कोळसा अधिक लागतो, कोळशाच्या खाणीला पुन्हा पोलाद लागते, आणि हे फेरे लहान लहान होत अखेर एका निश्चित बेरजेत विसावतात. या कार्यासाठी 1973 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे जे चक्र वर्णिले आहे, त्याचा आशय मला या कोष्टकापुढे बसल्यावर जितका स्पष्ट झाला तितका टीकाग्रंथांनी झाला नव्हता.

फळ वाटले जाते एवढेच नव्हे. ते उशिरा येते, आणि येण्यापूर्वी कित्येकदा उलट्या दिशेने चालताना दिसते. स्वीडनमधील उमिओचे शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांनी टाचेमागची कंडरा दीर्घकाळ दुखत असलेल्या 15 हौशी धावपटूंना दिलेल्या व्यायामाचा वृत्तांत 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, धडधाकट पायाच्या बळावर टाच उचलायची, आणि मग सारा भार दुखऱ्या पायावर घेऊन ती सावकाश पायरीच्या पातळीखाली उतरवायची. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधरा वेळा तीन आवर्तने, गुडघा वाकवून पुन्हा तितकीच, आणि हे सर्व रोज दोनदा, म्हणजे दिवसाकाठी 180 वेळा, सलग 12 आठवडे. दुखले म्हणून थांबायचे नाही. दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन घालायचे. ते पंधराही जण पुन्हा पूर्ववत धावू लागले. पुढील काळात इतर रुग्णांना, विशेषतः बैठे जीवन असलेल्यांना, असे निरपवाद यश आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु भार टाळल्याने नव्हे, भार सोसल्याने कंडरा सुधारते, हा सिद्धान्त टिकून राहिला.

जबर व्यायामानंतर कंडरेतील कोलॅजेन या प्रथिनाची घडण आणि मोडतोड दोन्ही एकदमच वाढतात, व पहिला सुमारे दीड दिवस सरशी मोडतोडीची असते. जमेची बाजू वर येते ती त्यानंतर. त्याच रात्रीच्या ठणक्यावरून जो व्यायामाचे मोल ठरवील, तो खर्चाचे पान वाचूनच वही मिटतो. गेल्या शतकातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या मापनावरून 2013 मध्ये असेही दिसून आले की, या कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास घडून पुरा होतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. तरीही भार पेलण्याची तिची क्षमता आजच्या श्रमाने वाढते. प्रारब्ध आणि क्रियमाण हा भेद ज्यांना पंडितांचा शब्दच्छल वाटतो, त्यांनी आपल्या टाचेमागे बोट लावून पाहावे.

परंतु फळाची आशा धरू नये हा उपदेश आपल्या समाजात वरच्यांनी खालच्यांना फार वेळा केला आहे, आणि त्याबद्दल बोलल्यावाचून हा विषय सोडणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. साखरधंद्याचेच उदाहरण घेऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि पुढे असे कारखाने महाराष्ट्रभर उभे राहिले. अशा एखाद्या तालुक्याचे कोष्टक मांडले, तर उसाचे चिपाड बॉयलरला, मळी डिस्टिलरीला, असे देणे-घेणे त्यात सहज बसते. मजुरीची रांगही त्यात असतेच, आणि घरसंसार हाही एक उद्योग धरला की तीच मजुरी धान्याची, कापडाची मागणी होऊन पुन्हा चक्रात शिरते. तेव्हा मजुरी हे फळ नव्हे, ते चक्राचे आदान आहे. आणि घेतल्याची परतफेड न करता भोगणाऱ्याला गीतेच्या त्याच अध्यायात चोर म्हटले आहे. हा शब्द कोणाला लागू पडतो, ते ऊस तोडणाऱ्यांकडे पाहून ठरवावे: बीडकडून नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीला येतात, हंगामापूर्वीच मुकादमाकडून घेतलेली उचल घरी खर्चून आलेले असतात, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत मोळ्या बांधूनही ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.