'नैसर्गिक आहे' म्हणजे सोसायचंच का?

"पाळी जाताना असंच होतं, नैसर्गिक आहे." आमच्या शेळगावात चाळिशी ओलांडलेली बाई झोप लागत नाही म्हणाली की हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नाही. त्यापुढचं न बोललेलं वाक्य मात्र तपासायला हवं: म्हणून सोस.

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे साधारण 46-47 व्या वर्षी होतं. त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत घटतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. जराशा उष्णतेनेही अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, रात्री जाग येते. महिनोन्महिने झोप मोडली की चिडचिड, विसराळूपणा, उदासी येते. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बदलला."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या टीममध्ये सर्व्हर पडला म्हणून कुणी रात्रभर जागलं, तर सकाळी त्याला सूट मिळते. गावाकडे तीनपासून जागी असलेली आई पाचला गोठ्यात असते.

जे 'आहे' त्यातून जे 'असावं' ते आपोआप निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने 18 व्या शतकात दाखवलं. मोतीबिंदूही वयानेच येतो, पण आजोबांना कुणी "सोसा" म्हणत नाही.

शिवाय निसर्ग कामाच्या आड आला की आपण त्याला आजार ठरवतो. दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोड टोळ्या आमच्या भागात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर उचल, खाडा झाला की दंड. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. बीडच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींची चाळिशीही झाली नव्हती.

पिशवीसोबत बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते. ते ठेवले तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. म्हणजे पाळीचा खाडा वाचवायला गेलेल्या बाईच्या वाट्याला ऐन तिशीत वाफा आणि जागरण येऊ शकतं. कागदावर अंगठा तिचाच असतो. पण दंड किंवा ऑपरेशन एवढेच पर्याय असतील, तर त्याला मी संमती म्हणणार नाही. पगारी विश्रांती, फडाजवळ संडास आणि खरं सांगणारा डॉक्टर असता, तर ती निवड झाली असती.

एकीला 'नैसर्गिक आहे, सोस' सांगितलं, दुसरीला 'आजार आहे, काढून टाक'. दोन्हीकडे काम थांबू नये हाच हिशोब. तिला काय होतंय, हे कुणी विचारलं नाही.

इलाज आहेत. डॉक्टरांनी तब्येत तपासून दिलेले हार्मोन उपचार आहेत, निद्रानाशासाठी समुपदेशनाची पद्धत आहे. तिथवर पोचायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. घरी फोन केला की आपण "जेवलीस का?" विचारतो. "झोप लागते का?" हेही विचारू या. उत्तर "नाही" आलं, तर दवाखान्याचा नंबर आपण लावायचा.