सरांच्या घरची माणसे

शालेय फुटबॉलचा सामना पाहायला येणाऱ्या मोजक्या लोकांत बहुतेकांचे मूल मैदानात असते. थोडे जण मात्र प्रशिक्षकासाठी आलेले असतात: त्याची पत्नी, भाऊ, मेहुणा, कधी निवृत्त वडील. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला जुने गाव, तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि जळगाव रस्त्याच्या कडेने वाढलेल्या वसाहती एकमेकांना खेटून आहेत. अशा ठिकाणी सरांचे कोण कोण लागते, हे पालकांना माहीत असते आणि पोरांना तर असतेच. त्यामुळे या नातेवाइकाने टाळी वाजवली काय किंवा तोंड वाकडे केले काय, ते सरांच्या खात्यावर जमा होते.

शाळेतला प्रशिक्षक म्हणजे बहुधा पी.टी.चे सर. संघाची नोंदणी, जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रे, गाडीभाडे, केळी-बिस्किटे, कोणाचे बूट फाटले ते पाहणे, ही सगळी कामे त्यांच्याच अंगावर. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरणार म्हणून, महाराष्ट्रातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. तो उत्साह एका दिवसाचा होता. नंतर पहाटे मुरमाच्या मैदानावर उभे राहणे सरांच्या वाट्याला आले, आणि सर घरी नसण्याची सवय घरच्यांना करून घ्यावी लागली. म्हणून घरच्या माणसाने एखादा सामना पाहायला जाणे योग्यच आहे. आपला माणूस इतके तास कशापायी देतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

अडचण पुढे आहे. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात, आणि सामने बाद पद्धतीचे असतात. एक हार, की त्या वर्षीचा खेळ संपला. पुढची पातळी गाठणाऱ्याला दहावी-बारावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळू शकतात. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा अकरा जणांत कोण आणि बाकावर कोण, हा निर्णय खेळापुरता राहत नाही. सरांचाच पुतण्या त्या संघात असेल तर नात्याची ओढ आणि न्याय यांची गाठ पडते. ‘घरचाच आहे, दहा मिनिटं तरी उतरव’ हे वाक्य जेवताना सहज बोलले जाते. त्या दहा मिनिटांसाठी कुणाला तरी बाहेर बसवावे लागते, आणि त्याचे घरचे त्या जेवणाला नसतात.

या बाबतीत मुंबई क्रिकेटमधला एक मामा आठवण्याजोगा आहे. माधव मंत्री कसोटी खेळलेले यष्टिरक्षक, सुनील गावसकरांचे मामा. लहानपणी भाच्याने मामांकडे भारतीय संघाचे चिन्ह असलेला स्वेटर मागितला, तेव्हा मामांनी दिला नाही. तो घाम गाळून मिळवायचा असतो, असे सांगितले. ही हकीकत गावसकरांनीच पुढे लिहिली आहे. मामांनी नाही म्हटले, ते नात्याला कमीपणा आणणारे नव्हते. सरांनाही असे नाही म्हणता यावे, याची काळजी मागणाऱ्यानेच घ्यायची असते. घरचा माणूस मागतच राहिला तर सरांना रोज कठोर व्हावे लागते, आणि रोजचा कठोरपणा कुठल्याच घराला परवडत नाही.

मैदानाच्या कडेला गोष्ट आणखी नाजूक होते. फुटबॉलच्या नियमांत प्रशिक्षकासाठी ठरावीक जागा आहे आणि तिथून एका वेळी एकानेच डावपेचाच्या सूचना द्यायच्या असतात. २०१९ पासून संघाच्या अधिकाऱ्यांनाही पिवळे-लाल कार्ड दाखवता येते. त्या जागेतला कोण चुकला हे ओळखता आले नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला मिळते. प्रेक्षकाला कार्ड नाही. फार झाले तर पंच सामना थांबवू शकतो. तरीही शिस्त तीच लागू व्हायला हवी. मेहुण्याने कडेवरून ‘पुढे मार’ म्हणून ओरडावे आणि सरांनी आतून मागे पास द्यायला सांगावे, अशा वेळी चौदा वर्षांचा पोरगा दोघांपैकी कुणाचेच धड ऐकत नाही. सरांचा माणूस म्हणतोय म्हणजे सरांचेच असेल, असेही त्याला वाटते. पंचावर ओरडणे तर त्याहून वाईट. शालेय सामन्याचा पंच अनेकदा दुसऱ्या शाळेचा पी.टी. शिक्षकच असतो, आणि पुढच्या महिन्यात सरांना त्याच्याशी पुन्हा काम करायचे असते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये आदर मोहीम सुरू केली, तेव्हा मुलांच्या सामन्यांत प्रेक्षकांसाठी मैदानापासून थोडी दूर वेगळी रेघ आखायला सांगितली. तिकडच्या पालकांनाही रेघेशिवाय जमत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे कोल्हापूर पाहावे. तिथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे घरोघरी निष्ठेने घेतली जातात. त्या निष्ठेने हा खेळ तिथे पिढ्यान् पिढ्या जगवला आणि समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तिनेच त्याला अनेकदा डागही लावला. शाळेच्या सामन्यात अशी निष्ठा आणू नये. समोरच्या शाळेच्या मुलाने सुंदर गोल केला तर सरांच्या भावानेही टाळी वाजवावी. त्याने सर दुखावत नाहीत. दुखावत असतील तर बोलायला घरात वेगळा विषय आहे.

टाळीवरून क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांची प्रसिद्ध गोष्ट निघते. सराव सामना सोडून शाळेचा मोठा सामना वानखेडेवर पाहायला गेलेल्या लहान सचिन तेंडुलकरला त्यांनी थप्पड मारली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, तुझ्यासाठी लोकांनी वाजवाव्यात असे खेळ, असे सुनावले. थप्पड आज कुणी समर्थनीय मानू नये. बोल मात्र खेळाडूसाठी खरे होते. नातेवाइकासाठी ते उलटे वाचायचे, कारण टाळी हेच तर त्याचे तिथले काम.

न जाणे हाही पाठिंबा असतो, असे काही घरे मानतात. सचिन तेंडुलकरच्या आईने मैदानात बसून त्याचा सामना पाहिला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर, त्याच्या शेवटच्या कसोटीत. तिथे स्टेडियम आधीच भरलेले होते. हर्सूलच्या सरांचे तसे नाही. त्यांच्या बाजूने कडेला दोन माणसे उभी असली तरी ती मोजली जातात. सामन्याचे दडपण वाढते म्हणून सरांनीच ‘येऊ नका’ म्हटले, तरच घरी थांबणे रास्त.

सामना संपल्यावर सरांचे काम संपत नाही. मुले मोजायची, कुणाला खरचटले ते पाहायचे, प्रत्येकाला त्याच्या घरी पोचवायचे. या वेळात नातेवाइकाने फोटोसाठी अडवू नये. पाण्याचे जार गाडीत चढवायला हात लावला तर चांगले. हरलेल्या दिवशी घरी आल्यावर चर्चा सरांनी काढली तरच करावी, आणि कोणत्या पोराने चूक केली ते नावानिशी बोलू नये. सरांनी घरात वैतागून काढलेले नाव गल्लीत जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा सरावालाच येत नाही.