काळजी करावी की घ्यावी?

शरीराच्या आत डोकावून पाहण्याची शक्ती ही वैद्यकशास्त्राने मानवाला दिलेली फार मोठी देणगी होय. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९७१ साली इंग्लंडमध्ये पहिल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन झाला. आज अक्कलकोटहून किंवा तुळजापूरहून सकाळच्या एस. टी. ने सोलापुरात आलेला माणूस सोनोग्राफी करून संध्याकाळी घरी परततो. आपल्या आजीआजोबांना ही सोय नव्हती. मात्र त्यांना ठाऊक नसलेली एक व्यथाही या सोयीबरोबर आपल्या घरात शिरली आहे. तिचा थोडा विचार येथे करू.

ती व्यथा अशी. मुतखड्याची कळ आली म्हणून एखादे गृहस्थ सोनोग्राफी करून घेतात. खडा बारीक असतो, तो पडूनही जातो. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: यकृतावर अमुक मिलिमीटरची गाठ दिसते, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. ज्या दुखण्यासाठी गेलो ते मिटले, आणि ज्याचा स्वप्नातही विचार नव्हता ते उंबरठ्याशी येऊन उभे राहिले! रिपोर्ट इंग्रजीत असतो. एका डॉक्टरने तो दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, पण घरात आधी वाचतो तो कॉलेजात शिकणारा मुलगा. मग रात्री मोबाइलवर शोध सुरू होतो, आणि पहाटेपर्यंत त्या एका ओळीची भयकथा झालेली असते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्या पूर्वजांनी म्हटले ते उगीच नव्हे.

वास्तविक 'लक्षणांशी ताडून पाहावे' ही धमकी नसून प्रामाणिक कबुली आहे. ज्याने चित्र पाहिले त्याने बहुधा रुग्णाची सगळी हकीकत ऐकलेली नसते. चित्र व माणूस यांची सांगड घालणे हे त्याच्यापुढच्या डॉक्टरांचे काम. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीची तक्रार नसलेल्या ९८ जणांच्या कण्याचा एम. आर. आय. काढला, तेव्हा त्यांतील ६४ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांत काही ना काही दोष आढळला. पन्नाशीनंतर मूत्रपिंडावर पाण्याची साधी गाठ दिसणे नवलाचे नाही. फुप्फुसावरील डाग हा कधीकाळी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रणही असू शकतो. आयुष्य जगल्याच्या खुणा जशा हातांवर व कपाळावर उमटतात, तशा त्या आतही उमटतात. पूर्वी त्या दिसत नव्हत्या, एवढेच.

मग असे काही कळलेच नसते तर बरे झाले असते का? हा प्रश्न वरकरणी वैद्यकीय वाटला, तरी मुळात तो नैतिक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथील डॉक्टरांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या व परदेशी संशोधकांच्या सहकार्याने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास केला. तो स्कॅनचा नव्हता, पण स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसाला अनपेक्षित काही कळणे, हा प्रसंग तोच. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठी एकदा तपासणी झाली. दुसऱ्या एका गटाची अशी खास तपासणी झाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, तर विषाणूची तपासणी झालेल्या, संख्येने थोड्या मोठ्या गटात ३४. 'तुमच्यात काही आढळले आहे' हे शब्द ऐकताना त्या खेड्यांतील मायबहिणींच्या पोटात गोळा आला नसेल काय? पण त्या शब्दांमुळेच कित्येकींचे प्राण वाचले.

आता दुसरी बाजू. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. १९९३ च्या तुलनेत २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले. एका वर्षात चाळीस हजारांवर माणसांना तो असल्याचे सांगण्यात आले. बहुतेकांची शस्त्रक्रिया झाली, आणि अनेकांना जन्मभर गोळी घेणे भाग पडले. मात्र या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या गाठी कोणाचाही जीव घेणार नव्हत्या, त्या शोधून माणसांना रोगी ठरविण्यात आले होते.

या दोन उदाहरणांवरून आम्हांस असे वाटते की ज्ञान हे केवळ ज्ञान म्हणून शाप नव्हे आणि वरदानही नव्हे. त्यातून कोणते कर्तव्य निघते यावर त्याचे मोल ठरते. म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर 'आता माझे काय होणार?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'आता माझ्याकडून काय व्हावयास हवे?' हा प्रश्न विचारावा. पहिल्याचे उत्तर देवाखेरीज कोणापाशी नाही. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरांना विचारता येते: याला साध्या भाषेत काय म्हणतात? आज काही करावयाचे आहे का? पुन्हा केव्हा दाखवावयाचे? त्याआधी कोणते लक्षण दिसले तर धावत यावयाचे? ही चार उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

आपल्या मराठी भाषेने हा भेद फार सुंदर जपला आहे. 'काळजी' हा शब्द एकच, पण काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे. घेतलेल्या काळजीला वेळापत्रक असते. अमुक तारखेस तपासणी, अमुक वाजता औषध. ते काम झाले की हात मोकळे होतात. केलेल्या काळजीला ना तारीख ना शेवट. सहा महिन्यांनी पुन्हा या, असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. गाठ वाढते की आहे तेवढीच राहते, हे केवळ काळच दाखवू शकतो. त्या सहा महिन्यांपैकी आपल्याकडे मागितलेला असतो तो एक दिवस. उरलेले दिवस संसाराचे, कामाचे, प्रार्थनेचे आहेत. ते भीतीला देऊन टाकण्याचे बंधन आपल्यावर कोणी घातलेले नाही.

याउलट 'माझा देवावर भरवसा आहे' असे म्हणून तो एक दिवसही टाळणारे लोक आहेत. त्याला श्रद्धा म्हणता येणार नाही. श्रद्धेच्या वस्त्राआड लपलेली ती भीतीच होय. बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसावा अध्याय अवश्य वाचावा. वैद्याचा मान राखण्याचा आणि प्रार्थनेबरोबर त्यालाही जागा देण्याचा उपदेश तेथे स्पष्ट आहे.

कुटुंबीयांसाठीही दोन शब्द. आईचा रिपोर्ट आईपासून लपविण्याची आपल्याकडे रीत आहे. तिच्यामागे प्रेमच असते. पण घरातील कुजबुज आईला कळतेच, आणि मग तिला आपली भीती एकटीने, तीही हसऱ्या चेहऱ्याआड, वाहावी लागते. डॉक्टरांनी जे सांगितले ते, न वाढविता व न घटविता, हळुवारपणे तिला सांगावे. आणि भेटीस जाणाऱ्यांनी 'आमच्या मेहुण्यालाही असेच निघाले होते' ही कहाणी दाराबाहेर ठेवून आत जावे.

गेथसेमानी बागेतील रात्र आठवा. येणारे दुःख टळावे अशी प्रार्थना प्रभू येशूने केली. व्याकूळ होणे हे पाप नव्हे, हे त्याने स्वतः व्याकूळ होऊन आपणांस दाखविले. पण त्याच रात्री त्याने पेत्र, याकोब व योहान यांच्याकडे काय मागितले? दुःखावरचा उपाय त्याने त्यांच्याकडे मागितला नाही. आपल्याबरोबर जागे राहा, एवढीच विनंती केली. ते झोपी गेले. आपल्या धर्मग्रामात आज कोणीतरी रिपोर्टची वाट पाहत आहे. तपासणीच्या दिवशी त्याच्याबरोबर रुग्णालयातील बाकावर जाऊन बसणे, नंबर येईपर्यंत मुलांच्या अभ्यासाच्या, पाण्याच्या टंचाईच्या साध्या गोष्टी बोलणे, हे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी ना वैद्यकाचे ज्ञान लागते, ना मोठे शब्द. अर्धा दिवस तेवढा काढावा लागतो.